बेवारस जागा, बिनमुदत रात्री

२०२४ च्या मार्च महिन्यात जर्मनीने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत बर्लिनच्या टेक्नो-संस्कृतीची नोंद केली. ज्या सूचीत पाव भाजण्याची परंपरा, हौशी समूहगायन आणि ऑर्गन घडविण्याची कला यांना पूर्वीच स्थान मिळालेले होते, तिच्यात शनिवारी रात्री सुरू होऊन सोमवारी सकाळी थांबणाऱ्या यंत्रठेक्यावरील नृत्याचा समावेश व्हावा, याचे सनातन अभिरुचीच्या वाचकास आश्चर्य वाटले असेल. मला त्या नोंदीतील आश्चर्य निराळ्या ठिकाणी दिसते. जे संगीत बर्लिनचा वारसा म्हणून दफ्तरदाखल झाले, ते जन्माने बर्लिनचे नाही. त्याच्या पूर्वजांत ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवर्क या वाद्यवृंदाची गणना करावी लागेल हे खरे. तथापि टेक्नो या नावाने जे जगभर गेले, ते अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटारींच्या शहराच्या आसऱ्याने, कृष्णवर्णीय तरुणांनी आपापल्या घरच्या खोल्यांत बसून रचलेले संगीत होय. एका शहरात जन्मलेल्या कलेने दुसऱ्या शहरात संसार थाटावा आणि माहेरी मात्र पाहुणीसारखे अधूनमधून यावे, असे का घडते, हा प्रश्न केवळ नृत्यशौकिनांचा नसून नगरांचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

या प्रश्नाची जी उत्तरे सर्वसाधारणतः दिली जातात, त्यांत कोणी त्या शहराच्या अंगभूत प्रतिभेचा, कोणी सुबत्तेचा, तर कोणी राजाश्रयाचा हवाला देतो. प्रतिभा ही एखाद्या महापालिकेच्या हद्दीत अधिक आणि शेजारच्या हद्दीत उणी अशी वाटलेली नसते. आणि सुबत्तेचे म्हणाल, तर ज्या शहरांनी हे संगीत दिले ती त्या त्या काळी दिवाळखोरीच्या वाटेवर तरी होती किंवा परक्या सैन्याच्या छायेत तरी. राजाश्रयाचा क्रम तर नेमका उलटा आहे, कारण तो आला तो बहुधा सर्व काही घडून गेल्यानंतर, मानपत्राच्या रूपाने. माझे मत असे आहे की, जेथे जागेची किंमत काही काळ कोसळलेली असते, जेथे मालकाची नजर आणि अंमलदाराचे घड्याळ ही दोन्ही एकाच वेळी शिथिल असतात, आणि जेथे अशा जागेची निकड असलेला, अन्यत्र प्रवेश नसलेला एखादा समाज वाट पाहत असतो, तेथेच असे संगीत मूळ धरते.

शिकागोचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे १९७७ मध्ये साउथ जेफर्सन रस्त्यावरील एका जुन्या औद्योगिक इमारतीत ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू झाला, आणि न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स हा डीजे १९८२ पर्यंत तेथे तबकड्या वाजवीत राहिला. येणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि लॅटिनवंशीय, त्यातही पुष्कळसे समलिंगी. शहरातील प्रतिष्ठित नृत्यगृहांच्या दारांत ज्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई, त्यांना ही गुदामातील रात्र करमणुकीपेक्षा अधिक काही होती. त्या काळचे सार्वजनिक वातावरण कसे होते याचा अंदाज १९७९ च्या जुलै महिन्यात त्याच शहराच्या कॉमिस्की पार्क या क्रीडांगणावर घडलेल्या प्रकारावरून येतो. बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटकांनी उडविण्यात आला, आणि त्यानंतर मैदानावर जो हुल्लडबाज जमाव उतरला त्यामुळे दुसरा सामनाच रद्द करावा लागला. डिस्को ज्या समाजांचे संगीत होते त्यांच्याविषयीचा आकसही त्या स्फोटात मिसळलेला होता, असे अनेकांनी नंतर म्हटले आहे आणि ते मला पटते. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरविल्यावर या मंडळींनी आपले संगीत आपणच रचावयास घेतले. आणि त्यासाठी लागणारी सामग्री त्यांना बाजाराच्या अडगळीत सापडली. जपानच्या रोलंड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र गिटारवादकांना साथीचा खर्ज पुरविण्यासाठी बनविलेले होते. ते त्या कामी साफ अयशस्वी ठरले, १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि जुन्या बाजारात ते अल्प किमतीस मिळू लागले. त्याच यंत्राच्या कळा भलत्याच रीतीने पिळून शिकागोच्या फ्युचर या त्रयीने १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली, आणि एक नवा प्रकार जन्मास आला.

येथे एक बारीकशी कायदेशीर गोष्ट नमूद करण्यासारखी आहे, कारण संगीताचे इतिहासकार तिला तळटीपेत ढकलतात आणि मला ती मुख्य मजकुरात हवी आहे. शिकागोत रात्री बंद करण्याची मुदत मद्यगृहांना होती. जेथे मद्य विकलेच जात नसे, केवळ फळांचा रस आणि पाणी मिळे, तेथे ती मुदत लागू होत नसे. अशा ठिकाणी नृत्य सकाळपर्यंत चाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नगरसभेने ही पळवाट बुजविली, आणि ज्या रात्रींनी ‘हाउस’ या नावाने ओळखले जाणारे हे संगीत घडविले त्या रात्री आखूड झाल्या. संगीत तोवर लंडन-मँचेस्टरला पोहोचले होते, म्हणून ते वाचले.

डेट्रॉइटची कथा याहून कष्टी आहे. १९५० साली १८.५ लाख लोकवस्ती असलेले हे शहर १९९० साली १०.२८ लाखांवर आणि २०१० साली ७.१४ लाखांवर आले. पॅकार्ड मोटारींचा सुमारे ३५ लाख चौरस फुटांचा कारखाना १९५० च्या दशकातच बंद पडून पुढे ओस पडला. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तिघे शाळासोबती त्या शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरील बेलव्हिल गावी वाढले, आणि रात्री नभोवाणीवर ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ या निवेदकाने लावलेले क्राफ्टवर्कपासून प्रिन्सपर्यंतचे सारे ऐकत त्यांनी आपले कान तयार केले. १९८८ मध्ये त्यांच्या संगीताचा संग्रह निघाला तो लंडनहून. रिकाम्या जागेचाच प्रश्न असता तर डेट्रॉइटइतके भाग्यवान शहर पृथ्वीच्या पाठीवर नव्हते. परंतु १९८८ च्या सुमारास शहराच्या मध्यभागी निघालेला ‘म्युझिक इन्स्टिट्यूट’ हा क्लब पुरती दोन वर्षेही टिकला नाही, आणि पॅकार्डच्या भग्न दालनांत १९९० च्या दशकात जे जलसे झाले ते चोरीछुपे. राज्याच्या कायद्याने मद्यविक्री रात्री दोनला थांबे. ज्याच्यापाशी मोटार नाही त्यास मध्यरात्रीनंतर घरी परतण्याचे साधन नसे. आणि उपनगरांत स्थलांतरित झालेला गोरा मध्यमवर्ग अंधार पडल्यावर शहरात पाऊल टाकण्यास कचरे. ओसाड जागा होती. ओसाडीत जमण्यास लागणारी वेळ आणि वाट नव्हती. परिणामी डेट्रॉइटच्या कलावंतांनी आपली उपजीविका युरोपात केली.

आता बर्लिनकडे वळू. युद्धोत्तर पश्चिम बर्लिनमध्ये रात्री पानगृहे बंद करण्याचा जो हुकूम होता तो १९४९ मध्ये रद्द झाला. हाइन्झ त्सेलरमायर नावाचा हॉटेलवाल्यांचा पुढारी व्हिस्कीची बाटली घेऊन अमेरिकी सेनाधिकारी हाउली यांच्याकडे गेला आणि पूर्व भागातील पानगृहे अधिक वेळ उघडी राहून आपले गिऱ्हाईक पळवितात, अशी तक्रार त्याने केली, असे सांगतात. ती तक्रार मान्य झाली आणि तेव्हापासून त्या शहराच्या रात्रीस सहसा शेवटची घंटा नाही. भांडवलशाही आणि साम्यवाद यांच्या स्पर्धेतून मानवजातीस जे थोडे निर्भेळ लाभ झाले, त्यांत याची गणना करावयास हरकत नसावी. शिवाय पश्चिम बर्लिनच्या रहिवाशांस पश्चिम जर्मनीची सक्तीची लष्करभरती लागू नव्हती, त्यामुळे बंदुकीचा तिटकारा असलेले हजारो तरुण वर्षानुवर्षे तेथे येऊन राहिले होते. म्हणजे भिंत पडण्यापूर्वीच वेळ होती आणि माणसे होती; कमी होती ती जागा.

ती ९ नोव्हेंबर १९८९ नंतर मिळाली, आणि कशी मिळाली हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. पूर्व बर्लिनमधील असंख्य इमारतींच्या मालकीचा निवाडा करणे हे एकीकृत जर्मनीच्या दिवाणी कारभारापुढचे प्रचंड संकट होते. कारण एकाच वास्तूवर मूळच्या ज्यू कुटुंबाचा, नाझी राजवटीत ती बळकावणाऱ्याचा, नंतर तिचे राष्ट्रीयीकरण करणाऱ्या साम्यवादी शासनाचा आणि अखेरीस नव्या खरेदीदाराचा, असे दस्तऐवजांचे थर चढलेले होते. हे थर उकलेपर्यंत त्या वास्तूंस व्यवहारतः धनीच नव्हता. लाइप्झिगर रस्त्यावरील वेर्टहाइम हे एकेकाळी युरोपातील अत्यंत भव्य व्यापारी भांडार, ज्याच्या ज्यू मालकांकडून ते नाझी काळात हिरावले गेले; त्याची इमारत युद्धात व नंतर नष्ट झाली, पण जमिनीखालची तिजोरीची दालने शिल्लक राहिली. डिमिट्री हेगेमान आणि त्याच्या साथीदारांनी ती शोधून काढली आणि मार्च १९९१ मध्ये तेथे ‘ट्रेझोर’ हा क्लब उघडला. गंजलेल्या लोखंडी कप्प्यांच्या रांगांमध्ये, ठेंगण्या छताखाली, पूर्वेचे आणि पश्चिमेचे तरुण एकत्र नाचले. त्याच वर्षी ट्रेझोरने जी पहिली तबकडी काढली ती डेट्रॉइटच्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या मंडळींची होती. ज्या जागेवरील हक्काचा वाद इकडे चालू होता, तिच्याखाली तिकडचे संगीत वाजत होते. आणि वेर्टहाइमच्या वारसांच्या बाजूचा मोठा दावा ८.८ कोटी युरोंच्या तडजोडीने मिटला तो २००७ मध्ये, म्हणजे ट्रेझोरला ती जागा सोडून दोन वर्षे झाल्यावर. त्या परिसरात आज मोठे व्यापारी संकुल आहे. एका भीषण ऐतिहासिक अन्यायाने जी पोकळी निर्माण केली तिच्यात आनंदाचा हा उत्सव चालला होता, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते हे सांगता येत नाही. पण लिहिणाऱ्याने ते विसरू नये.

अशा स्थळांचे यशच त्यांचा काळ होते, याची उदाहरणे हवी तितकी आहेत. मँचेस्टरचा ‘हासिएंडा’ हा क्लब १९८२ ते १९९७ पर्यंत एका जुन्या गुदामवजा इमारतीत चालला, त्याने त्या कळाहीन गिरणीनगरास जगाच्या नकाशावर आणले, आणि पुढे तो पाडून त्या जागी जी निवासी सदनिकांची इमारत झाली तिला त्याचेच नाव देण्यात आले. नावास भाडे पडत नाही. बर्लिनमध्येही तेच घडत आहे. ‘वॉटरगेट’ हा नदीकाठचा प्रसिद्ध क्लब २०२४ अखेर बंद पडला. फरक इतकाच की, बर्लिनने यावर केवळ शोक न करता कायद्याची कलमे हाती घेतली. तेथील क्लबचालकांनी २००१ मध्ये आपली संघटना बांधली. २०१६ मध्ये ‘बर्गहाइन’ या जुन्या वीजगृहातील क्लबच्या करासंबंधीचा खटला न्यायालयापुढे आला. लोक तेथे डीजेचे वादन ऐकण्यासाठी येतात, की मौजमजेसाठी येतात आणि वादन निमित्तमात्र असते, हा वादाचा मुद्दा. पहिला पक्ष खरा ठरल्यास मैफलींना लागणारा ७ टक्के कर, दुसरा ठरल्यास १९ टक्के. न्यायाधीशांनी मैफलीचा पक्ष उचलून धरला. २०२१ च्या मे महिन्यात जर्मनीच्या संसदेने ठराव केला की, नगररचनेच्या नियमांत अशा क्लबांची गणना जुगारगृहांच्या पंक्तीत न करता सांस्कृतिक संस्थांच्या पंक्तीत व्हावी. शेजाऱ्यांची झोप हा प्रश्नही बर्लिनने थट्टेवारी नेला नाही. भिंती ध्वनिरोधक करण्यासाठी शहराने १० लाख युरोंचा निधी उभारला. मानपत्रापेक्षा मला या भिंतींच्या निधीचे मोल अधिक वाटते.

मराठी वाचकाच्या निकट असलेले उदाहरण शहराचे नसून खेड्यांचे आहे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर त्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर पाश्चात्य भटक्यांनी मुक्काम ठोकला. कॅलिफोर्नियाचा गिल्बर्ट लेव्ही, जो पुढे गोवा गिल म्हणून प्रसिद्ध झाला आणि २०२३ मध्ये निवर्तला, तो त्यांपैकीच. १९८० च्या दशकात तेथील गिटारींची जागा यंत्रसंगीताने घेतली, आणि माडांच्या बनांत पौर्णिमेच्या रात्रींना जो प्रकार आकारास आला तो पुढे गोवा ट्रान्स या नावाने लंडन, तेल अवीव आणि हॅम्बुर्गपर्यंत गेला. येथेही तेच घटक दिसतात: मोसम नसताना मोकळे राहणारे माळरान, स्वस्त भाडे, आणि अंमलदारांची डोळेझाक, जी नेहमीच निःशुल्क होती असे कोणी म्हणणार नाही. भोवताली चटया अंथरून चहा आणि आमलेट विकणाऱ्या गावच्या बायकांना त्यातून मिळकत झाली. परंतु त्या संगीताच्या तबकड्या, त्यांचे हक्क आणि नफा यांचे सारे व्यवहार परदेशांत झाले, आणि ज्यांच्या गावात हे घडले त्यांना कोणी काही विचारले नाही. पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई केली, तेव्हा पाळोळ्याच्या किनाऱ्यावर कानांना हेडफोन लावून शेकडो माणसे निःशब्दपणे नाचू लागली. कायद्याचा मान राखण्याची इतकी विनोदी रीत दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल. २००७ मध्ये कांदोळीस सुरू झालेला ‘सनबर्न’ महोत्सव २०१६ मध्ये उठून पुण्याजवळ आला. तो येथेही भरला, तेथेही भरला, कारण महोत्सवास कोणतेही मैदान चालते. तिकिटे आणि पुरस्कर्ते मिळाले की महोत्सव उभा राहतो. परंपरेला मात्र आठवड्यामागून आठवडे तीच जागा लागते.

त्याच दहाच्या मुदतीने आपल्याकडे काय काय आखूड केले, हे यंत्रसंगीताचा तिरस्कार करणाऱ्यांनीही आठवून पाहावे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्रभर चाले आणि पहाटेचे राग पहाटेसच ऐकावयास मिळत. तमाशाचा फड उत्तररात्री खऱ्या रंगात येई. आज शासनाच्या मेहेरबानीने वर्षातील १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत मिळते आणि तिच्यासाठी उत्सवांची रांग लागते. मिरवणुकींतील ध्वनिवर्धकांच्या कर्णकर्कश भिंतींपासून वृद्धांचे आणि रुग्णांचे रक्षण व्हावे याविषयी दुमत नाही. परंतु उघड्यावरचा गोंगाट आणि बंद भिंतींआडची मैफल यांत कायदा जो भेद करतो, त्याचा उपयोग करून घेणारी बंद दालने आपण किती उभारली?

मुंबईस ती संधी आली होती असे म्हणतात. १९८२ च्या जानेवारीतील संपानंतर गिरणगावातील गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि उंच छताची, जाड भिंतींची, खांबविरहित दालने शहराच्या मध्यभागी रिकामी झाली. मात्र ती ओस पडली तरी स्वस्त कधीच झाली नाहीत. डेट्रॉइटमध्ये कारखान्याबरोबर जमिनीची किंमतही मेली. मुंबईत कारखाना मेला आणि जमीन सोन्याची झाली. मथुरादास गिरणीच्या आवारात २००७ मध्ये निघालेला ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीताचा खरा जाणकार क्लब २०१६ मध्ये बंद झाला. कमला मिलच्या आवारात डिसेंबर २०१७ मध्ये गच्चीवरील पानगृहांस आग लागून १४ माणसे दगावली. त्याच्या वर्षभर आधी अमेरिकेत ओकलंड येथे ‘घोस्ट शिप’ नावाच्या गुदामात, नेमक्या अशाच संगीताच्या जलशात, ३६ जण आगीत मेले होते. शैथिल्याची स्तुती करणाऱ्या माझ्यासारख्याने या दोन घटनांपुढे थांबून उत्तर दिले पाहिजे, आणि माझे उत्तर असे की, शैथिल्य भाड्यात आणि मुदतीत हवे, जिन्यात आणि अग्निशमनात नव्हे. आपला कारभार याच्या नेमका उलट चालतो: घड्याळाचा काटा दीडवर गेला की शिपाई दारात हजर, आणि बाहेर पडण्याची वाट सामानाने अडली आहे हे पाहण्यास मात्र कोणी नाही.

म्हणून एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. मुंबई बंदराच्या ताब्यातील पूर्व किनाऱ्यावर, शिवडी-माझगावच्या बाजूस, जुनी गोदामे आहेत आणि त्या जमिनीच्या पुनर्विकासाचे आराखडे दीर्घकाळ चर्चेत आहेत. त्यांपैकी वस्तीपासून दूर असलेली चार-दोन गोदामे, काम सुरू होईपर्यंत, माफक भाड्याने पाच वर्षांच्या कराराने संगीतासाठी द्यावीत. यंत्रसंगीतासच नव्हे, ज्यांना पहाटेचा राग पहाटे गावयाचा आहे त्यांनाही. अ‍ॅमस्टरडॅमने २०१३ पासून मध्यवस्तीबाहेरील मोजक्या स्थळांना चोवीस तासांचे परवाने दिले, तसे येथेही द्यावेत. अग्निशमनाची तपासणी दर महिन्यास व्हावी आणि तिचा अहवाल दाराशी लावावा. पोलीस, उत्पादन शुल्क, महानगरपालिका आणि बंदर यांच्या चार दारांऐवजी अर्ज एकाच दाराशी घेतला जावा, ही यातील सर्वांत अवघड अट आहे हे मी जाणतो. पाच वर्षांनी ती जमीन बांधकाम व्यावसायिकांच्या हवाली करावयाचीच ठरली, तर ती तेव्हाही तेथेच असेल, आणि बर्लिनचा अनुभव पाहता तिची किंमत वाढलेलीच असेल.